दार उघडं असून पिल्लू मासा बाहेर का पडत नाही?

गोव्यात १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते आणि दोन-तीन दिवसांत मालीमच्या जेटीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, सगळ्यांनी वाट पाहिलेली असते. मी गेलो तेव्हा एका ट्रॉलरच्या डेकवर खलाशी उकिडवे बसून माल निवडत होते. एका टोपलीत सुंगटं, म्हणजे कोळंबी, एकीत माणकी, एकीत बरा बांगडा. उरला तो मधला ढीग. त्यात बोटाएवढे बांगडे, पिंपळाच्या पानासारखे पातळ लेपो, राणी माशाची पिल्लं, खेकड्यांचे तुटके पाय. तो ढीग फावड्याने क्रेटमध्ये गेला. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात तो दिसणार नव्हता, तो जाणार होता फिशमीलच्या, म्हणजे माशांची भुकटी करणाऱ्या कारखान्याला.

दर वर्षी या दिवसांत तीच चर्चा होते. लहान मासळी मारू नका, जाळ्यांना ‘बायकॅच रिडक्शन डिव्हाइस’ बसवा. बायकॅच म्हणजे जे धरायला गेलो नव्हतो, पण जाळ्यात आलं ते. आणि हे डिव्हाइस म्हणजे नको ते जाळ्यातून सुटावं म्हणून केलेली रचना. नाव भारदस्त असलं तरी प्रत्यक्षात ते एखादं भोक, एखादी चौकट किंवा एखादी जाळी असते. पुढे मी तिला सरळ ‘खिडकी’च म्हणतो.

खिडकी ठेवली की मासा निघून जाणार, असं आपल्याला वाटतं. मलाही तसंच वाटायचं. पण जाळ्याला भोक पाडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

आधी जाळं कसं असतं ते बघू

ट्रॉलचं जाळं म्हणजे समुद्राच्या तळावरून ओढलेलं एक लांबलचक नरसाळं. तोंडाशी रुंद, मागे निमुळतं, आणि शेवटी एक पिशवी, म्हणजे खोळ. तोंडाच्या वरच्या दोरीला तरंगणारे गोळे असतात आणि खालच्या दोरीला वजन, म्हणजे तोंड वर-खाली उघडं राहतं. दोन बाजूंना जड फळ्या असतात. बोट पुढे गेली की पाण्याच्या दाबाने त्या एकमेकींपासून लांब सरकतात आणि तोंड आडवं ताणलं जातं. पतंगाला कण्णी जशी तिरपी बांधतात, तशा त्या तिरप्या बांधलेल्या असतात.

या फळ्या तळावरचा गाळ उडवतात. गाळाच्या दोन भिंती उभ्या राहतात आणि मासे त्यांना बिचकून मध्ये गोळा होतात. म्हणजे मासा जाळ्यात ‘अडकण्या’च्या बऱ्याच आधी हाकलला जात असतो, गुरं वळवावीत तसा.

तोंडाशी पोचलेला मासा लगेच आत जात नाही. तो जाळ्याच्या पुढे, जाळ्याच्याच वेगाने पोहत राहतो. मडगाव स्टेशनवर आपण गाडीत बसलेले असतो, शेजारची गाडी सुटते आणि क्षणभर वाटतं की आपणच निघालो. डोळ्यांसमोरची चौकट हलली की आपलं शरीर फसतं. माशाचंही तसंच आहे, फक्त तो त्यावर कृतीही करतो. समोरची भिंत सरकली की तिच्याबरोबर जागा धरून राहायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. मग तो दमतो, मागे पडतो, आणि नरसाळ्यातून घसरत खोळीत जातो.

बांगडा आणि सुंगट: स्वयंपाकघरातलं शरीरशास्त्र

खिडकीची सगळी युक्ती एका गोष्टीवर उभी आहे: मासा पोहतो, सुंगट पोहत राहत नाही. आणि ही गोष्ट प्रत्येक गोवेकराने विळीवर पाहिलेली आहे.

बांगडा कापला की बाजूने, कातडीच्या लगत, एक काळपट तांबडी पट्टी दिसते. काही जण ती बाजूला काढतात. ती लांब पल्ल्याची यंत्रणा आहे. तिला रक्त आणि प्राणवायू भरपूर मिळतो, म्हणून ती न थकता तासन् तास चालते. बाकीचं पांढरं मांस जोरात पळण्यासाठी असतं. ते काही सेकंद जीव तोडून काम करतं आणि मग लंगडं पडतं. बांगडा सतत फिरणारा मासा, म्हणून त्याची काळी पट्टी ठसठशीत असते. पापलेट बहुतेक पांढराच, कारण त्याची जगण्याची रीत वेगळी.

आता सुंगट. सोललेल्या सुंगटाचा जो भाग आपण हुमणात घालतो, तो जवळजवळ सगळाच एका कामाचा स्नायू असतो: शेपटी झटक्यात आत दुमडून मागे उडी मारण्याचा. दोन-चार उड्या, की संपलं. प्रवाहाविरुद्ध पोहत जागा धरून राहणं त्याला जमत नाही. जाळ्यात शिरलं की ते पाण्याबरोबर वाहत खोळीच्या तळाशी जातं.

म्हणून खिडकी अशा जागी हवी, जिथे पोहणारा पोहत येऊ शकेल आणि वाहणारा खालून निघून जाईल. ती जागा खोळीच्या वरच्या बाजूला, थोडी पुढे असते.

भोक आहे, पण वळता येत नाही

इथे थोडा हिशोब करू. सुंगटांचं ट्रॉल साधारण अडीच नॉट वेगाने ओढलं जातं, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मिरामारच्या वाळूत सकाळी झपाझप चालणाऱ्या माणसाचा वेग. सेकंदाला सुमारे १.३ मीटर.

माशाचा वेग त्याच्या लांबीच्या पटीत मोजतात. लहान मासा जीव घेऊन पळाला तर सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दहापट अंतर कापू शकतो, तेही काही सेकंदच. १० सेंटिमीटरचं बांगड्याचं पिल्लू घ्या. त्याचा सगळ्यात जोरदार झपाटा सेकंदाला एक मीटर. जाळं १.३ ने चाललंय. २२ सेंटिमीटरचा मोठा बांगडा मात्र सेकंदाला दोन मीटरच्या पुढे जाऊ शकतो.

म्हणजे ज्याच्यासाठी खिडकी केली, तोच तिच्यापर्यंत पोचू शकत नाही, आणि ज्याला ठेवायचंय तो आरामात निघून जातो. नुसतं भोक पाडलं तर असा उफराटा प्रकार होतो.

म्हापशात बोडगेश्वराच्या जत्रेत ऐन गर्दीच्या रात्री चालून पाहिलंय का? डाव्या हाताला गल्ली दिसत असते, तिथे जायचंही असतं, पण मागून लोंढा असा येतो की गल्ली बाजूने निघून जाते. मग एखादा खाज्यांचा मोठा स्टॉल लागतो. त्याच्या आडोशाला गर्दी फाटते, चार पावलांची मोकळी जागा मिळते, तिथे उभं राहून श्वास घ्यायचा आणि मग वळायचं. गल्ली आधीपासून होतीच. वळता आलं ते स्टॉलच्या आडोशामुळे.

माशासाठी तो आडोसा म्हणजे संथ पाणी. चांगली खिडकी आधी असं संथ पाणी तयार करते आणि मग त्याच्या शेजारी दार ठेवते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक बारीक रेघ असते. ती पाण्याचा दाब आणि हालचाल टिपते, त्यामुळे प्रवाह कुठे मंदावलाय हे त्याला अंगाला कळतं. पिल्लू तिथे विसावतं, आणि दार जवळ असलं तर दोन झपाट्यांत बाहेर पडतं.

खिडक्यांच्या तऱ्हा

सगळ्यात साधी म्हणजे ‘फिशआय’. पोलादी सळीची डोळ्याच्या आकाराची चौकट खोळीच्या वरच्या भागात शिवतात. ती पाणी थोडं अडवते, मागे संथ खिसा तयार होतो, आणि मासा पुढे-वर पोहत चौकटीतून निघतो. ती किती अंतरावर बसवायची यावर सगळं अवलंबून. फार मागे बसवली तर साठलेल्या मालातली सुंगटंही तिच्यातून सांडतात. फार पुढे बसवली तर दमून मागे पडलेला मासा तिथवर परत येत नाही. खोळीत माल साठला की पाणी त्या गठ्ठ्याला आपटून बाजूने बाहेर फाकतं आणि गठ्ठ्याच्या थोडं पुढे वेग कमी होतो. ती नेमकी जागा गाठायची असते.

दुसरी तऱ्हा म्हणजे तिरपी सळ्यांची जाळी. आपल्या गटाराच्या तोंडावर असते तशी. लहान ते सळ्यांतून पार जातं, मोठं ते तिरप्या सळ्यांवरून घसरत वरच्या दारातून बाहेर. या जाळीची कथा मला फार आवडते. नॉर्वेत पॉल ब्रातोय नावाच्या एका मच्छीमाराने १९८० च्या दशकाच्या अखेरीला ती बनवली, तीही माशांवर दया येऊन नव्हे. सुंगटांच्या जाळ्यात जेलीफिश भरून यायचे, त्यांचा त्याला वैताग आला होता! पुढे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की जेलीफिशबरोबर लहान मासेही सुटतायत. गंमत म्हणजे अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सिंकी बून या मच्छीमाराने त्याच्याही आधी, जेलीफिशच्याच त्रासापायी तशीच चौकट केली होती. तिच्यापासून पुढे कासव सोडणारी यंत्रं आली. ‘एसीत बसून शोधलेलं काहीतरी आमच्यावर लादतायत’ असं जेटीवर ऐकू येतं, तेव्हा हे दोघे आठवतात.

आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे सिफ्टने, तिरप्या जाळीच्याच कल्पनेवर एक रचना केली. तिरप्या जाळीने सुंगटं खालच्या खोळीत उतरतात आणि मासे वरच्या खोळीत जातात. वरच्या खोळीचा आस, म्हणजे जाळ्याच्या घरांचा आकार, मोठा, त्यामुळे पिल्लं सुटतात आणि विकण्याजोगा मासा उरतो. २००५ साली आंतरराष्ट्रीय ‘स्मार्ट गिअर’ स्पर्धेत या रचनेला बक्षीस मिळालं. सुंगटं आणि मासा वेगवेगळे येतात, त्यामुळे सुंगटं चिरडत नाहीत आणि निवडायचा वेळ वाचतो. हा फायदा मला पिल्लांच्या सुटकेइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण तो त्याच दिवशी हातात पडतो.

मग आस मोठा केला की झालं, यंत्र कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. आस म्हणजे जाळ्याच्या एका घराचं माप, आणि ते मोजतात घर ताणून, गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत. गोव्याच्या नियमात सुंगटांच्या जाळ्याला किमान २० मिलिमीटर आणि माशांच्या जाळ्याला २४ मिलिमीटर आस आहे. २० मिलिमीटर ऐकून भोक बरंच मोठं वाटतं. पण ताणलेलं माप २०, म्हणजे घराची प्रत्येक बाजू १० ची आणि चारही बाजूंचा घेर ४०. तुमच्या करंगळीभोवती दोरा गुंडाळून मोजा, बहुतेकांचा घेर ४० च्या वर भरेल. नियमाप्रमाणेच विणलेल्या जाळ्यातून करंगळीदेखील जात नाही.

आणि हे घर नीट उघडं राहिलं तर. नेहमीचं जाळं शंकरपाळीच्या घरांचं असतं. दुकानाचं चॅनल गेट आठवा. बंद करताना ते आडवं ताणतो तेव्हा शंकरपाळ्या उघडतात, आणि बाजूला सारतो तेव्हा त्याच शंकरपाळ्या मिटून उभ्या फटी होतात. खोळीत दोनशे किलो माल भरला आणि बोट पुढे ओढत राहिली की जाळं लांबीत ताणलं जातं आणि घरं तशीच मिटतात. आस कागदावर ४० असला तरी पाण्याखाली फटच उरते.

उपाय इतका साधा आहे की सुचल्यावर हसू येतं: तेच जाळं ४५ अंश फिरवून शिवायचं. मग घराच्या दोन बाजू ओढीच्या दिशेने आणि दोन आडव्या येतात, आणि ताण पडला तरी चौकोन चौकोनच राहतो. याला चौकोनी आस म्हणतात. ४० मिलिमीटरच्या चौकोनी घरात २० बाय २० ची खरीखुरी मोकळी जागा मिळते, तिथून तर्जनी जाते. गुजरातने खोळीला ४० चा चौकोनी आस ठरवला, केरळने ३५ चा. काही ठिकाणी सगळी खोळ न बदलता वरच्या बाजूला फक्त एक चौकोनी तुकडा बसवतात, तीही खिडकीच.

पण इथेही माशाचा स्वभाव आडवा येतो. घर मोठं आहे म्हणून मासा आपणहून त्यातून जात नाही, त्याला जाळं भिंतीसारखं दिसतं. स्कॉटलंडमध्ये यावर एक छान युक्ती करून पाहिली गेली. खिडकीच्या मागचा भाग काळ्या जाळ्याचा केला. समोर अंधारा बोगदा दिसला की मासा थबकतो, मागे सरतो, आणि मग उजेडाच्या चौकोनातून निघतो.

हे वाचताना माझ्या मनात आलेली शंका तुमच्याही मनात येईल. ऑगस्टमध्ये मांडवी-झुआरीचं पाणी गढूळ तांबडं असतं, आणि सुंगटांसाठी रात्रीही जाळं ओढतात. तिथे कसला उजेड नि कसला बोगदा? शंका खरी आहे. माशाला दिसत नसेल तर डोळ्यांवर चालणाऱ्या युक्त्या ढेपाळतात. तेव्हा संथ पाण्याची युक्ती आणि सळ्यांची जाळीच जास्त भरवशाची, कारण त्या डोळ्यांवर अवलंबून नाहीत. स्कॉटलंडची खिडकी जशीच्या तशी आणून कुटबणच्या जाळ्याला शिवणं म्हणजे मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक काणकोणच्या बसला लावणं.

कासवाचं यंत्र ते हेच का?

नाही, आणि हा घोळ फार होतो. अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रातली सुंगटं घेणं थांबवलं, ते कासवांच्या कारणाने. तिथला कायदा म्हणतो, ज्या जाळ्यात कासव सोडणारं यंत्र नाही, त्यातली सुंगटं नकोत. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं आपल्याला माहीत आहेत, त्यांच्यासाठीची ही चौकट. पण तिच्या सळ्यांत साधारण १० सेंटिमीटर अंतर असतं. कासव अडतं आणि बाहेर जातं, बांगड्याचं पिल्लू मात्र सळ्यांतून सरळ खोळीत. कासवाचं यंत्र लावलं म्हणून पिल्लं वाचली असं होत नाही. दोन्ही एका जाळ्यात बसवता येतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या सुंगट मासेमारीत २००० सालापासून दोन्ही सक्तीची आहेत.

सुटलेला मासा जगतो तरी का?

सगळे जगत नाहीत. तासभर पळून दमलेला, जाळ्याला अंग घासून खवले गेलेला मासा बाहेर पडल्यावरही मरू शकतो, किंवा मोठ्या माशाच्या तोंडी जातो. तारलीची खवलं तर हात लावताच निघतात, हे धुताना कळतंच. म्हणून खिडकीतून ‘किती सुटले’ एवढं मोजून भागत नाही. मासा जितका लवकर, जितका कमी घासून बाहेर पडेल तितका तो जगतो. याही कारणाने संथ पाण्याची खिडकी नुसत्या मोठ्या आसापेक्षा बरी: पहिल्यात मासा पोहत बाहेर पडतो, दुसऱ्यात तो स्वतःला पिळून काढतो.

बरीच सुटका जाळं वर घेताना होते. बोट मंदावते, जाळ्यातलं पाणी सैल पडतं आणि दमलेल्या पिल्लालाही दार गाठता येतं. त्याच क्षणी सुंगटंही थोडी सांडतात, आणि तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, वैतागतो.

‘आम्ही सोडला, तर शेजारचा धरणार’

खरा आक्षेप हा. बाकीचे तंत्राचे झाले, हा पोटाचा.

मधल्या ढिगालाही भाव मिळतो. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर फिशमीलचे कारखाने आहेत, गाड्या तिकडे जातात, आणि डिझेलच्या खर्चाला तेवढाच हातभार लागतो. परदेशातल्या लेखांत बायकॅच म्हणजे ‘समुद्रात फेकून दिलेला माल’ असं असतं. आपल्याकडे फारसं काही फेकलं जात नाही, सगळं विकलं जातं. त्यामुळे खिडकी म्हणजे तांडेलाच्या हिशोबात सरळ तोटा.

उलट बाजूचा हिशोब असा: १० सेंटिमीटरचा बांगडा किलोने, मातीच्या भावात जातो. तोच काही महिने राहिला तर अंडी घालण्याच्या आकाराला, साधारण १७-१८ सेंटिमीटरला पोचतो, आणि बाजारात नगावर विकला जातो. पण तो तेव्हा तुमच्याच जाळ्यात येईल याची हमी कुणी देत नाही. बांगडा राज्याची हद्द पाळत नाही. केरळने १४ सेंटिमीटरखालचा बांगडा धरायला बंदी केली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींचे किमान आकार ठरवले, आणि मधल्या किनाऱ्यावरचा नियम वेगळा असेल तर सोडणारा एक आणि धरणारा दुसरा. मला वाटतं, एकट्या बोटमालकाला याबद्दल बोल लावणं अन्यायाचं आहे. पश्चिम किनाऱ्यावर बंदीचे दिवस बऱ्याच अंशी एक केले, तसा आसही एक झाला तरच त्याच्या म्हणण्याला उत्तर मिळतं. आणि तपासणीचा प्रश्न उरतोच. जेटीवर मापात बसणाऱ्या खोळीच्या आत दुसरी बारीक जाळी शिवली, की सगळा खटाटोप फुकट.

निघताना एका ओळखीच्या तांडेलाजवळ थांबलो. निळ्या खोळीच्या पाठीवर हिरव्या सुताचं हातभर ठिगळ होतं, आणि त्याची घरं बाकीच्या जाळ्यापेक्षा वेगळी, चौकोनी दिसत होती. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, “बाब, ही खिडकी मुद्दाम ठेवली का?”

तो हसला. “कसली खिडकी? गेल्या खेपेला खडकाला लागून फाटलं. नव्या पोराला शिवायला दिलं, त्याने तुकडा तिरका लावला. आता तिथून बारीकसारीक सगळं निसटतं.” त्याने ठिगळात दोन बोटं घालून दाखवली, ती आरपार गेली. “उद्या उसवून नीट शिवायचंय.”